शब्दशंका : ‘का’ इथला, ‘का’ तिथला

या वेळी आलेल्या बऱ्याच शंका एकाच गोष्टीभोवती फिरतात : एखादा दोन-तीन अक्षरी शब्द एकमेकींशी संबंध नसलेल्या भाषांत सापडतो, कधी त्याच अर्थाने, कधी भलत्याच. म्हणून त्या एकत्र घेतल्या आहेत.

प्रश्न : जपानी वाक्याच्या शेवटी ‘का’ लावला की प्रश्न तयार होतो. ‘इकिमास् का’ म्हणजे ‘जाता का?’ इतकंच नव्हे, ‘आज का उद्या’ याला तिकडे ‘क्यो का अशिता’ म्हणतात, म्हणजे विकल्पालाही ‘का’च. एवढं जुळत असताना दोन्ही भाषांचं नातं नाही असं कसं म्हणता येईल?

उत्तर : जुळणी खरी आहे आणि कुणालाही भुरळ पडावी अशीच आहे. पण नातं तपासताना जुळलेला शब्द क्षणभर बाजूला ठेवायचा आणि त्याचे शेजारी बघायचे.

मराठीतले प्रश्नार्थक शब्द एका ओळीत मांडा : कोण, काय, कुठे, केव्हा, कसा, किती. सगळे ‘क’चे. संस्कृतातल्या कः, किम्, कुत्र, कदा यांच्यापासून हे घराणं चालत आलं आहे. आता जपानी ओळ : दारे (कोण), नानी (काय), दोको (कुठे), इत्सु (केव्हा), इकुत्सु (किती). ‘क’ने सुरू होणारा यात एकही नाही. मराठीत ‘का’ हा मोठ्या गोतावळ्यातला एक आहे, जपानीत तो वेगळा, एकटा अव्यय आहे. आठव्या शतकातल्या जपानी ग्रंथांतही तो भेटतो, पण तिथेही त्याची जात हीच.

वागणुकीतही फरक आहे. मराठीत ‘का?’ एवढंच विचारलं तर ‘कशासाठी’ असा अर्थ होतो; जपानीत त्यासाठी ‘नाझे’ हा निराळा शब्द आहे. उलट जपानीत ‘नान् देस् का’ म्हणजे ‘काय आहे?’ असं प्रश्नार्थक शब्द असतानाही शेवटी ‘का’ लावतात. मराठीत ‘हे काय आहे का?’ म्हटलं तर ऐकणारा गोंधळेल. जपानी शिकणाऱ्या मराठी माणसाची पहिली चूक इथेच होते : हो-नाही उत्तराच्या प्रश्नात ‘का’ बरोबर लागतो, ‘काय-कुठे’वाल्या प्रश्नात गळतो.

मराठी ‘का’चा माग छापील पुस्तकांतही दिसतो. १९६२च्या शुद्धलेखन नियमांआधी तो ‘कां’ असा अनुस्वारासह छापला जाई. तो अनुस्वार शोभेचा नव्हता. अपभ्रंशातल्या ‘काइं’मधल्या नासिक्य उच्चाराची ती खूण होती. जपानी ‘का’ला असा कुठलाही भूतकाळ नाही.

मग मराठी ‘का’चे खरे नातलग कोण? लॅटिनचा ‘क्विस’, लिथुआनियनचा ‘कास’, रशियनचा ‘क्तो’ आणि इंग्रजीचे ‘हू’ व ‘व्हॉट’. शेवटचे दोन कानाला अजिबात जवळचे वाटत नाहीत. पण याकोब ग्रिम यांनी १८२२ साली मांडलेल्या नियमानुसार मूळ ‘क’च्या जागी जर्मानिक भाषांत (इंग्रजी, जर्मन यांच्या शाखेत) ‘ह’ येतो, आणि हा बदल एका शब्दापुरता नाही. ‘कः’ला ‘हू’, वैदिक ‘कद्’ला ‘व्हॉट’, ‘दोहोंपैकी कोणता’ या अर्थाच्या ‘कतर’ला ‘व्हेदर’, आणि ‘चक्र’ला ‘व्हील’. (चक्राचा ‘च’ही मुळात ‘क’च होता, पुढच्या स्वरामुळे तालव्य झाला. जुन्या इंग्रजीत हे शब्द ‘ह्व’ने सुरू होत.) असा ठरावीक फरक शब्दामागून शब्दात दिसला तर भाषाशास्त्रज्ञ नातं मान्य करतात. नुसत्या सारखेपणाला ते फारसं मोजत नाहीत.

जाता जाता आणखी काही ‘का’ : हिंदीत षष्ठीचा प्रत्यय, खासीत स्त्रीलिंगी नामाआधी येणारं उपपद, हवाईयनमध्ये निश्चित उपपद, प्राचीन इजिप्शियनमध्ये माणसाची प्राणशक्ती. खुद्द जपानीत ‘का’ म्हणजे डासही.

प्रश्न : एका ऑस्ट्रेलियन आदिवासी भाषेत कुत्र्याला ‘डॉग’च म्हणतात असं वाचलं. हा शब्द इंग्रजांकडून घेतला असणार ना?

उत्तर : नाही. भाषा म्बाबाराम, क्वीन्सलँडमधली. भाषाशास्त्रज्ञ आर. एम. डब्ल्यू. डिक्सन यांनी तिची नोंद केली तेव्हा त्यांनाही आधी उसनवारीचाच संशय आला. पण आसपासच्या भाषा पाहिल्यावर उलगडा झाला : यिदिञमध्ये कुत्रा म्हणजे ‘गुदागा’, जिर्बलमध्ये ‘गुदा’. म्बाबाराममध्ये मूळ ‘गुदागा’चा पहिला अवयव ‘गु’ गळला, मधला ‘आ’ ‘ऑ’ झाला, शेवटचा स्वर गेला. उरला ‘डॉग’. हेच बदल त्या भाषेच्या इतर शब्दांतही झालेले आहेत, म्हणून ही व्युत्पत्ती भक्कम आहे. इंग्रजी ‘डॉग’ जुन्या ‘डॉक्गा’पासून आला आणि त्याच्याआधी कुत्र्यासाठी रुळलेला शब्द ‘हुंड’ होता.

असंच फारसी ‘बद’ आणि इंग्रजी ‘बॅड’ यांचं. ‘बदनाम’, ‘बदसूर’मधला आपला ‘बद’ फारसीतून आला. मध्ययुगीन फारसीत तो ‘वद’ होता. इंग्रजी शब्द जुन्या काळात ‘बड्ड’. मागे जाल तसे दोघे एकमेकांपासून लांब जातात. नातं असतं तर मागे जाताना ते जवळ आले असते. ही कसोटी कुणालाही घरबसल्या लावता येते, फक्त हाताशी व्युत्पत्तिकोश हवा.

फसगत एका कुळातही होते. ‘असणे, बाळगणे’ या अर्थाचे लॅटिन ‘हाबेरे’ आणि जर्मन ‘हाबेन’ जुळे वाटतात, पण वरच्या ‘क’चा ‘ह’ या नियमाने ‘हाबेन’चा खरा भाऊ लॅटिनमधला ‘कापेरे’, म्हणजे पकडणे. संस्कृत ‘देव’ आणि लॅटिन ‘देउस’ सख्खे. देव याच अर्थाचा ग्रीक ‘थेओस’ मात्र परका. ग्रीकमधला त्यांचा आप्त आहे झ्यूस.

प्रश्न : दोन भाषांत किती शब्द जुळले की तो पुरावा मानायचा? पाच? दहा? मला मराठी आणि एका दूरच्या भाषेत चौदा सापडले आहेत.

उत्तर : चौदा कसे सापडले त्यावर अवलंबून आहे. हिशेब करून बघू.

शंभर रोजच्या अर्थांची यादी घ्या : मी, तू, पाणी, डोळा, दगड, दोन, नवा, जाणे अशी. भाषाशास्त्रात मॉरिस स्वदेश यांची शंभर शब्दांची यादी यासाठी वापरतात. समजा, दोन्ही भाषांत शब्दाच्या आरंभी येऊ शकणारी व्यंजनं पंधरा आहेत आणि सगळी सारख्याच प्रमाणात येतात. मग केवळ योगायोगाने पहिलं व्यंजन जुळण्याची शक्यता १५त १. शंभर शब्दांत सहा-सात जोड्या अशाच, काही नातं नसताना, मिळतील. प्रत्यक्षात क, त, न, म, स ही व्यंजनं बहुतेक भाषांत जास्त येतात, त्यामुळे आकडा आणखी वर जातो.

पहिली दोन्ही व्यंजनं जुळायला हवीत अशी अट घातली तर शक्यता २२५त १. शंभरात एकही जोडी मिळेलच असं नाही. इथवर ठीक. पण शोधणारा हळूच अट सैल करतो. ‘क’ला ‘ग’ चालेल, ‘प’ला ‘भ’ चालेल म्हणतो. मग पंधरा व्यंजनांचे सहा गट उरतात : कंठ्य, तालव्य, दंत्य-मूर्धन्य, ओष्ठ्य, अनुनासिक आणि उरलेली य-र-ल-व-स-ह. आता शक्यता ३६त १, म्हणजे शंभरात जवळजवळ तीन जोड्या. मग तो अर्थही सैल करतो : ‘डोळा’ला ‘बघणे’, ‘चेहरा’, ‘भुवई’, ‘उजेड’ यांतलं काहीही चालेल. प्रत्येक अर्थाला असे पाच पर्याय धरले की तीनाचे चौदा होतात.

तुमचे चौदा असे आले असतील तर ते अपेक्षेइतकेच आहेत.

आणखी एक छिद्र असतं. जगात सुमारे ७,००० भाषा आहेत. २२५त १ ही कडक अट पाळूनही एका शब्दाला कुठे ना कुठे तीसेक भाषांत जोडीदार मिळेल. आधी शब्द हातात घेऊन मग भाषा शोधत गेलं तर रिकाम्या हाताने परत येणं जवळपास अशक्यच. म्हणून क्रम उलटा ठेवावा : भाषा आधी ठरवा, यादी आधी ठरवा, कुठलं व्यंजन कशाशी जुळलेलं मानायचं ते आधी लिहून ठेवा आणि मगच कोश उघडा. यादीतून बालशब्द (मामा, बाबा), ध्वन्यनुकारी शब्द (म्यांव, फुंकणे) आणि उसने शब्द वगळा. एका अक्षराचे शब्दही शक्यतो नकोत, कारण त्यांत जुळायला व्यंजन असतं एकच.

प्रश्न : ग्रीकमध्ये ‘ने’ म्हणजे ‘हो’ आणि बल्गेरियनमध्ये ‘ने’ म्हणजे ‘नाही’. शेजारच्या भाषांत असा उलटा अर्थ कसा?

उत्तर : हे दोन वेगळे शब्द आहेत, फक्त आज एकसारखे ऐकू येतात. बल्गेरियन, चेक, सर्बियन ‘ने’ हा संस्कृत ‘न’, फारसी ‘न’, इंग्रजी ‘नो’ यांच्या कुळातला अस्सल नकार. ग्रीक ‘ने’ हा प्राचीन ग्रीकमधल्या ‘नाइ’ या होकारार्थी अव्ययाचा आजचा उच्चार. ग्रीकमध्ये ‘आइ’ या जोडस्वराचा पुढे ‘ए’ झाला. आजच्या ग्रीकमध्ये ‘नाही’ला ‘ओही’ म्हणतात.

‘ने’ची यादी खरं तर सगळ्यात मजेशीर आहे. कोरियनमध्येही ‘ने’ म्हणजे ‘हो’. जपानीत वाक्याच्या शेवटी ‘ने’ लावला की आपल्या ‘ना’सारखा अर्थ येतो : ‘छान आहे, ना?’ पोर्तुगीजमध्ये बोलताना ‘ने’ अगदी त्याच जागी, त्याच सुरात येतो, पण तो ‘नांव् ए’ म्हणजे ‘नाही का’ याचा आखूड झालेला उच्चार. तुर्कीत ‘ने’ म्हणजे ‘काय’. हंगेरियनमध्ये ‘नको, करू नकोस’. फिनिशमध्ये ‘ते’ (अनेकवचन). इटालियनमध्ये ‘त्यातलं, त्याबद्दल’. लॅटिनमध्ये शब्दाला मागून ‘ने’ चिकटवला की प्रश्न होई.

मराठीतच दोन आहेत. ‘रामाने’मधला तृतीयेचा प्रत्यय आणि ‘घेऊन जा’ अशी आज्ञा, ‘हे ने’. दुसरा संस्कृत ‘नी–नयति’पासूनचा. म्हणजे एकाच भाषेतसुद्धा ‘ने’ला ‘ने’ जुळला म्हणून नातं ठरत नाही.

प्रश्न : तमिळमध्ये ‘नी’ म्हणजे ‘तू’, चिनीतही ‘नी’ म्हणजे ‘तू’. आणि म्हणे स्वीडिशमध्येही?

उत्तर : तिन्ही स्वतंत्र. स्वीडिशचा तर उगम डोळ्यांसमोरचा आहे : ‘तुम्ही’ला मूळ शब्द होता नुसता ‘ई’. त्याच्या आधी येणाऱ्या क्रियापदाच्या शेवटचा ‘न्’ त्याला चिकटला आणि ‘नी’ झाला. वेल्शमध्ये ‘नी’ म्हणजे ‘आम्ही’, स्वाहिलीत ‘आहे’. आपला ‘नि’ म्हणजे ‘आणि’चं पहिलं अक्षर गाळून उरलेलं शेपूट.

सर्वनामं या खेळात नेहमीच फसवतात, कारण ती आखूड असतात आणि त-न-म अशा सोप्या व्यंजनांवर चालतात. जॉर्जियनमध्ये ‘मे’ म्हणजे ‘मी’, आणि जॉर्जियन आपल्या भाषाकुळात नाही.

प्रश्न : ‘बाबा’ हा शब्द जगभर वडिलांसाठी कसा?

उत्तर : जगभर नाही, पण बऱ्याच ठिकाणी, हे खरं. मराठी, तुर्की, स्वाहिली, योरुबा आणि चिनी, या सगळ्यांत ‘बाबा’ म्हणजे वडील. रशियन आणि पोलिशमध्ये मात्र ‘बाबा’ ही बाई आहे, आजी किंवा म्हातारी. जपानीतही ‘बाबा’ म्हणजे म्हातारी. जॉर्जियनमध्ये वडिलांना ‘मामा’ म्हणतात आणि आईला ‘देदा’. ऑस्ट्रेलियातल्या पित्जान्त्जात्जारा भाषेतही ‘मामा’ म्हणजे वडील.

कारण बाळाच्या तोंडात आहे. साधारण सहा ते दहा महिन्यांच्या दरम्यान मूल ‘बाबाबा’, ‘मामामा’, ‘दादादा’ असे अवयव पुन्हा पुन्हा उच्चारू लागतं. ओठ मिटून उघडले की ‘ब’ किंवा ‘म’ होतो, जीभ फारशी हलवावी लागत नाही, आणि ‘आ’ हा सर्वांत मोकळा स्वर. मुलाला या आवाजांतून काही सांगायचं नसतं. अर्थ मोठी माणसं जोडतात, आणि जवळ जे असतात त्यांना जोडतात. रोमन याकोबसन या भाषाशास्त्रज्ञांनी याच्या पुढचं एक निरीक्षण मांडलं : दूध पिताना तोंड बंद असतं, तेव्हा फक्त नाकातून आवाज निघतो, म्हणून ‘म’चा आवाज आईकडे वळण्याचा कल जास्त. पण हा कल आहे, नियम नव्हे. जॉर्जियन त्याला साक्ष.

एक जुनं जपानी कोडं इथे सांगायलाच हवं, १५१६ सालच्या संग्रहातलं : ‘आईला दोनदा भेटतात, वडिलांना एकदाही नाही, ते कोण?’ उत्तर, ओठ. आज ते सुटत नाही, कारण आज आईला ‘हाहा’ म्हणतात आणि त्यात ओठ जुळतच नाहीत. तेव्हा उच्चार ‘फाफा’च्या जवळचा होता, ओठ दोनदा जवळ येत. त्याहीआधी तो ‘पापा’ होता. म्हणजे जुन्या जपानीत ‘पापा’ म्हणजे आई!

प्रश्न : चिनीत ‘मा’ म्हणजे आई आणि ‘मा’ म्हणजे घोडाही. बोलणाऱ्यांचा गोंधळ होत नाही का?

उत्तर : त्यांना ते एक शब्द वाटतच नाहीत. सूर सपाट आणि उंच ठेवला तर आई, खालून वर नेला तर अंबाडीसारखी एक वनस्पती, खाली बुडवला तर घोडा, वरून झटकन खाली आणला तर शिवी देणे. आणि सुराविना, हलकेच वाक्याच्या शेवटी टेकवला तर आपला ‘का’! ‘आई घोड्याला रागावते का?’ हे वाक्य चिनी शिकवताना हमखास येतं. देवनागरीत ते ‘मामा मा मा मा’ एवढंच दिसतं.

दोष लिपीतला आहे. आपण परकी भाषा देवनागरीत उतरवतो तेव्हा सूर गळतो. कोरियनमध्ये आग, शिंग आणि गवत या तिघांना लागणारे शब्द फक्त पहिल्या ‘प’च्या तीन छटांनी वेगळे होतात, आपल्याला ऐकू येतात दोनच, नाहीतर एकच. आपल्याकडे तरी काय? ‘जग’ म्हणजे दुनिया आणि ‘जग’ म्हणजे जगत राहा. लिहायला एक, पण पहिला ‘ज’ जीवातला आणि दुसरा जहाजातला. मराठी शिकणारा परदेशी माणूस इथे अडतो तेव्हा त्याला तेच वाटत असतं जे आपल्याला ‘मा’ ऐकताना वाटतं.

प्रश्न : मग जपानीतला एकही शब्द आपल्या बाजूचा नाही?

उत्तर : आहेत, पण ते कानाला ओळखू येत नाहीत. संस्कृत ‘ध्यान’, पालीत ‘झान’, चिनीत ‘चान’, जपानीत ‘झेन’. तसंच ‘दान’ बौद्ध ग्रंथांबरोबर तिकडे गेलं. ‘दान्ना’ झालं, अर्थ आधी दान देणारा, मग धनी, मग नवरा. ‘आरिगातो’ (आभारी आहे) हा मात्र पोर्तुगीज ‘ओब्रिगादो’पासून आला असं जे सांगतात ते चूक : पोर्तुगीज जपानला पोचले १५४३ साली आणि ज्यापासून ‘आरिगातो’ झाला तो ‘आरिगाताशी’ हा शब्द त्याच्या कितीतरी आधीपासून आहे.

प्रश्न : आम्ही एका अ‍ॅपला दोन अक्षरी नाव देतो आहोत. दुसऱ्या भाषांत त्याचा वाईट अर्थ तर होत नाही ना, हे कसं तपासायचं?

उत्तर : सगळ्या भाषा तपासायला जाऊ नका, दोन अक्षरांना कुठे तरी काही तरी अर्थ असणारच. अ‍ॅप जिथे वापरलं जाणार त्या आठ-दहा भाषा ठरवा.

आधी उच्चार पक्का करा, ऱ्हस्व-दीर्घासकट. जपानीत ‘ओबासान’ म्हणजे मावशी-काकू आणि ‘ओबाऽसान’ म्हणजे आजी. एवढ्याशा लांबीने पिढी बदलते. मग रोमन लिपीतलं स्पेलिंग लिहा आणि त्या-त्या भाषेतला माणूस ते कसं वाचेल ते बघा. ‘जे’ (J) हे अक्षर जर्मन माणूस ‘य’ वाचतो आणि स्पॅनिश माणूस घशातला ‘ह’, म्हणून रोमनमधली ‘जाई’ एकाकडे ‘याई’ होते आणि दुसऱ्याकडे ‘हाई’. ‘सी’ (C) हे अक्षर तुर्कीत ‘ज’ आहे. बहुतेक घोटाळे या टप्प्यावर होतात, कारण नाव ठरवणारे ते बोलून बघतात आणि वापरणारे वाचून.

त्यानंतर कोश. ‘माला’ स्पॅनिशमध्ये ‘वाईट’ (स्त्रीलिंगी), ‘कला’ फिनिशमध्ये ‘मासा’, ‘पाणी’च्या जवळचा ‘पानी’ पोलिशमध्ये ‘बाईसाहेब’. यातला पहिलाच अडचणीचा, बाकीचे नुसते गमतीचे. नेमका शब्द नसला तरी एका स्वराने किंवा एका सुराने वेगळे असलेले शेजारी बघा.

कोशात शिव्या आणि बोलीतले शब्द पुरेसे नसतात, म्हणून शेवटी माणसं लागतात. प्रत्येक भाषेचे किमान दोघे, वेगवेगळ्या प्रदेशांतले. स्पॅनिशसाठी तर स्पेनचा एक आणि लॅटिन अमेरिकेचा एक हवाच. ‘याचा काही वाईट अर्थ होतो का?’ असं विचारू नका, समोरचा भिडेने ‘नाही’ म्हणतो. आधी नुसतं ऐकवा आणि काय ऐकू आलं ते लिहून मागा. मग लिहिलेलं दाखवा आणि मोठ्याने वाचायला सांगा. मग एक वाक्य द्या, ‘मी रोज अमुक वापरतो’, आणि ते त्यांच्या भाषेत म्हणायला लावा. आधीच्या शब्दाचं शेवटचं अक्षर चिकटून भलताच शब्द तयार होत असेल, तर तो या तिसऱ्या पायरीवरच कळतो.